खोक्यानं बसायचं कुठे

मी कुणाला भीत नाही, हे आधीच सांगून ठेवते. पुढे जे लिहिलंय त्यात मी जागोजागी घाबरलेली दिसेन, आणि वाचणाऱ्याचा गैरसमज व्हायला नको. पाल, दातांचा डॉक्टर आणि नणंदा, तिघांपुढेही मी मान खाली घातलेली नाही. शाळा चौथीपर्यंत झाली, पण घर चाळीस वर्षं चालवलं आणि त्यात एकदाही नापास झाले नाही. असं असताना गुडघ्याएवढ्या उंचीचा एक काळा खोका घरात येणार म्हणून कळलं आणि माझ्या पोटात गोळा आला. तो खोक्यामुळे नाही आला. कोपऱ्यामुळे आला.

आमच्या दिवाणखान्याला चार कोपरे. एकात दार आणि त्याला लागून चपलांचं कपाट, एकात टीव्ही, एकात काचेचं कपाट. उरला एक, त्यात माझी खुर्ची. तिथून दार दिसतं, शेगडी दिसते, फोन हाताशी येतो, आणि मान जरा तिरकी केली तर काचेत फ्रिज कोण उघडतंय तेही दिसतं. सरकारं अशा जागेवरून चालतात.

"आई, टीव्ही झाला, पाच छोटे स्पीकर झाले," मुलगा म्हणाला. "आता फक्त सबवूफर राहिला. खालच्या आवाजासाठी."

"खालचा आवाज आहे की. पुलवाले रोज ओरडतात."

पुलवाले म्हणजे आमच्या खालच्या मजल्यावरचे. जन्मभर पूल बांधले, आता निवृत्त झाले आणि उरलेलं सगळं लक्ष आमच्या फरशीवर.

"तसा नाही गं. ढगांचा गडगडाट, इंजिनाची घरघर. तो आवाज कानाला नाही, अंगाला ऐकू येतो."

"अंगाला मला पुष्कळ ऐकू येतं. तुझी बायको पेला कसा ठेवते तेसुद्धा," मी म्हटलं. "ठेवणार कुठे पण?"

"बघू," तो म्हणाला, आणि त्यानं खोलीभर बघितलं. दाराकडे, खिडकीकडे, छताकडेही बघितलं. माझ्या कोपऱ्याकडे तेवढं बघितलं नाही. ज्या जागेकडे माणूस बघायचं टाळतो, ती त्यानं आधीच बघून ठेवलेली असते.

खाई त्याला खवखवे म्हणतात, ते खोटं नाही. घरात पहिला टीव्ही आला तेव्हा त्याच कोपऱ्यात माझ्या सासूबाईंची खाट होती. वायर नेमकी तिथे उतरत होती. (माझी खुर्ची तिथे आली ती पुढे, टीव्ही कोपरा बदलून गेल्यावर.) मी म्हटलं, "आई, खाट जरा मागच्या खोलीत घेऊ या. तात्पुरती." मागच्या खोलीत एक ट्रंक, इस्त्रीचं टेबल आणि समोरच्या इमारतीचे पाइप दाखवणारी खिडकी. त्या तात्पुरत्या सहा वर्षं तिथे राहिल्या. भांडल्या नाहीत, रुसल्या नाहीत. कधीमधी आतून विचारायच्या, "चित्र दिसतं का नीट?" मी म्हणायचे, "दिसतं." एवढंच. पण तो प्रश्न माझ्या कानात अजून आहे, आणि त्याला कुठला सबवूफर लागत नाही.

तेव्हा मी ठरवलं, खोका येणारच असेल तर तो माझ्या मर्जीनं यावा आणि माझ्या मर्जीच्या जागी बसावा. चपलांचं कपाट आणि भिंत यांच्यामध्ये एक खाच आहे. तिथे मोडकी छत्री असते. मी वितीनं ती खाच मोजली, दोन वीत भरली, आणि मुलाला म्हटलं, "मीपण दुकानात येणार."

दुकानात एक काळोखी खोली होती. भिंतींना गादी मारलेली, खिडकी नाही. असल्या खोलीत माणसाला का नेतात हे मला नीट ठाऊक आहे, पण मी गेले. दुकानदारानं ओळीनं तीन खोके मांडले होते. आठ इंची, दहा इंची, बारा इंची. "खोलीच्या मानानं घ्यायचा," तो म्हणाला. "खोली मोठी आणि खोका लहान, तर तो बिचारा ओरडून मरतो. खोली लहान आणि खोका मोठा, तर माणसं मरतात." आणि हसत हसत त्यानं बाराचं बटण दाबलं.

त्यानंतर काय झालं ते मला क्रमानं आठवत नाही. जमीन हलली, दिवा विझल्यासारखा वाटला, आणि शुद्धीवर आले तेव्हा माझ्या हातात एक हात होता. मुलाचा समजून मी तो घट्ट धरला होता. दिवा लागल्यावर कळलं, दुकानदाराचा आहे. मी तो सोडला नाही. एकदम सोडला असता तर घाबरले होते असं दिसलं असतं. उलट वळवून बघितला आणि म्हटलं, "नखं वाढलीत." मग वितीनं आठ इंची खोका मोजला. दोन वितींना बोटभर कमी. "हाच," मी म्हटलं. मुलगा दहाच्याकडे बघत उभा राहिला, पण चाळीस वर्षांची सवय त्याच्याही अंगात आहे.

खोका खाचेत बसला. बसला म्हणजे बूच बसावं तसा बसला. मागे बोटभर जागा नाही, बाजूला श्वास घ्यायला फट नाही. वर त्याच्या पाठीला मुठीएवढं एक गोल भोक, तळ दिसत नाही असं. असलं भोक घरात उघडं ठेवणाऱ्या बाईला मी बाई म्हणत नाही. उंदीर म्हणू नका, पाल म्हणू नका, काय वाटेल ते आत संसार मांडील. खाचेत सरकवण्याआधी मी गुपचूप जुन्या दुलईचा एक तुकडा गुंडाळून त्यात कोंबला.

शनिवारी सात वाजता सिनेमा लागला. पहिल्या दहा मिनिटांत विमान पडलं, आणि चपलांच्या कपाटाचं दार आपोआप उघडलं. मग यांची चप्पल बाहेर आली. हळूहळू, इंचाइंचानं, कुणी अदृश्य माणूस घालून चालल्यासारखी. तिच्यामागे सुनेचे सँडल. मागे नातीचे बूट. आमच्या घरातून सगळं कुटुंब पायांपुरतं निघून चाललं होतं. नात टाळ्या पिटत होती. मी बघत होते आणि माझ्या छातीत कुणीतरी आतून दार ठोकत होतं.

हे मी कुणाला सांगितलं नाही. वय झालं की छातीत असं कधीतरी सुरू होतं हे मला माहीत होतं, आणि सांगितलं तर पहिला हुकूम काय सुटेल हेही माहीत होतं. आईला आराम हवा. आराम म्हणजे मागची खोली. तीन शनिवार मी दोन्ही हातांनी खुर्ची धरून काढले आणि चेहरा असा ठेवला की जणू सिनेमाच वाईट आहे. मग सोमवारी भाजी आणायला जाते सांगून डॉक्टरकडे गेले.

"कधी होतं असं?" डॉक्टरांनी नळी लावून विचारलं.

"शनिवारी. सात ते साडेनऊ."

"दर शनिवारी?"

"दर शनिवारी. रविवारी पाहुणे नसतील तर रविवारीही."

"मध्ये थांबतं का?"

"थांबतं ना. कुणी पाणी प्यायला उठलं की थांबतं. परत येऊन बसलं की सुरू."

डॉक्टरांनी नळी कानातून काढली. "आजी, घरात एवढ्यात काही नवीन आणलंय का?"

आता माझ्या डोक्यात प्रकाश पडला. पण पडला म्हणून लगेच दुसऱ्याला दाखवायचा नसतो. "नाही," मी म्हटलं. त्यांनी साध्या गोळ्या दिल्या. मी त्या इमानानं जेवणानंतर घेतल्या, आणि छाती काही थांबली नाही, कारण ती माझी धडधडत नव्हतीच. खोका धडधडत होता आणि माझ्या कोपऱ्यात येऊन गोळा होत होता. एवढ्या मोठ्या खोलीत त्यालाही नेमका माझाच कोपरा सापडला.

डॉक्टरकडे गेले त्याच संध्याकाळी पुलवाले वर आले. हातात पाण्यानं भरलेला पेला. त्यांनी तो आमच्या फरशीवर ठेवला, पालथे पडून त्याच्याशी डोळा लावला आणि म्हणाले, "वहिनी, लावा."

मुलानं लावलं. पेल्यात गोल गोल लाटा उठल्या.

"पाहिलंत? पूल कधी वजनानं पडत नाही. सैनिक एका पावलात चालले की पडतो. आमच्याकडे नियमच होता, पुलावर कवायत बंद."

"आमच्याकडे कुणी कवायत करत नाही," मी म्हटलं.

"चपला करतात," ते म्हणाले. "मला खाली ऐकू येतात. एक, दोन, एक, दोन."

ते गेल्यावर मी बॅटरी घेऊन भिंतींवर भेगा शोधल्या. माझ्या खुर्चीमागे एक भेग सापडली, केसाएवढी. ती आधीपासून होती की नवीन, सांगता येईना. इतकी वर्षं त्या भिंतीला मी पाठ लावून बसले होते, तोंड कधी केलंच नव्हतं. पेन्सिलीनं तिच्या टोकाला खूण केली आणि रोज सकाळी जाऊन बघू लागले. भेग वाढली नाही. माझी भीती मात्र खुणेच्या पुढे गेली.

पुलवाल्यांनी तक्रार लिहून दिली, तशी ती इमारतीच्या सेक्रेटरीकडे गेली. सेक्रेटरी म्हणजे कागदाचा माणूस, त्याला माणूस दिसत नाही, रकाना दिसतो. त्यानं फॉर्म आणला. 'घरात बसवलेले यंत्र' असं वर छापलेलं. प्रकार: शिलाई, दळण, पाणी उपसणे, इतर.

"यातलं काय?" त्यानं विचारलं.

"यातलं काहीच करत नाही तो. नुसता हुंकार देतो," मी म्हटलं.

"म्हणजे इतर. इतर असेल तर खालच्यांची, बाजूच्यांची आणि वरच्यांची सही लागते."

"वरच्या घराला सात वर्षं कुलूप आहे."

"मग कुलूप असल्याचा दाखला."

"तो कोण देणार?"

"मीच. पण त्याला अर्ज." मग त्यानं शेवटच्या रकान्यावर बोट ठेवलं. "आणि हे मुख्य. यंत्राची कायमची जागा. नकाशा काढून, कोपऱ्यासकट. आठ दिवसांत पाहणीला येतो. एकदा लिहिलं की बदलायचं नाही."

कायमची जागा. मुलानं सुनेकडे पाहिलं, सुनेनं माझ्याकडे पाहिलं आणि पटकन नजर फॉर्मवर नेली. मी म्हटलं, "खाच लिहा." मुलगा चाचरत म्हणाला, "आई, खाचेत तो बरा वाजतच नाही गं. चपला चालतात. एकदा माणूस बोलावून नीट जागा ठरवू. तो सांगेल ते लिहू."

रविवारी सकाळी फिटर आला. चष्मेवाला, पोक्त माणूस, हातात खडू. त्यानं खोका खाचेतून उपसून काढला आणि पाठीमागच्या भोकात दोन बोटं घालून दुलईचा तुकडा ओढला.

"हे कुणी केलं?"

सगळे माझ्याकडे वळले. मी खिडकीकडे वळले.

"बरोबर केलंय," फिटर म्हणाला. "घुमणं कमी होतं. लोक यासाठी स्पंज विकत घेतात." आणि त्यानं तुकडा परत आत कोंबला. मी हळूच मान परत आणली. पण सुख एका वाक्यापुरतंच होतं, कारण पुढे तो म्हणाला, "आता खोका सोफ्यावर बसेल आणि तुम्ही सगळे जमिनीवर."

कुणालाच कळलं नाही. त्यानं समजावलं. "हा आवाज कुठून येतो ते कानाला कळत नाही. म्हणून काम उलटं करायचं. जिथे बसून ऐकणार तिथे खोका ठेवायचा, आणि जिथे जिथे खोका ठेवता येईल तिथे तिथे तुम्ही रांगत जाऊन ऐकायचं. कान खोक्याच्या उंचीला हवा. जिथे आवाज सगळ्यात चांगला लागेल, ती खोक्याची जागा. मी नाही रांगणार. ऐकायचं तुम्हाला आहे." मग त्यानं खोलीत नजर फिरवली आणि माझ्या खुर्चीवर खडू टेकवला. "कोपरा पण मोकळा लागेल. ही खुर्ची जरा आत घ्या. तात्पुरती."

तो शब्द त्यानं मुद्दाम नाही वापरला. त्याला काय माहीत. मुलानं खुर्ची उचलली आणि मागच्या खोलीत नेली. ट्रंकेशेजारी तिचे पाय टेकल्याचा आवाज मला अंगाला ऐकू आला. मी स्वयंपाकघराच्या चौकटीला टेकून उभी राहिले. उभी दिसत होते, खरं तर चौकट मला धरून होती.

खोका सोफ्यावर पाहुण्यासारखा बसला. फिटरनं कसलंसं जाड, संथ वाजणारं लावलं, आणि माझं कुटुंब गुडघ्यांवर उतरलं. पुढे मुलगा, त्याच्यामागे सून, मग नात, आणि शेवटी आमचे हे, ज्यांना एरवी पडलेलं वर्तमानपत्र उचलायला माणूस लागतो.

मुलगा खाचेपाशी गेला. "फडफडतंय." खिडकीपाशी गेला. "बरं आहे." मग माझ्या कोपऱ्यात शिरला आणि थांबला. बराच वेळ थांबला. त्याच्या पाठीवरून मला काही कळेना. "इथे," तो म्हणाला, घसा खाकरला, "इथे काही खास नाही."

सून गेली. कोपऱ्यात गेल्यावर तिनं डोळे मिटले. "छे, घुमतंय इथे," ती म्हणाली.

नातीनं कोपऱ्यात जाऊन तोंड उघडलं, आईकडे बघितलं, तोंड मिटलं. "इथे बोअर आहे," ती म्हणाली.

हे गेले. "इथे वाईट येतो," असं त्यांनी एवढ्या मोठ्यानं सांगितलं की पुलवाल्यांनाही कळलं असेल. कान लाल झाले होते. रांगण्याचे श्रम, असं मी समजले.

नेमका त्याच वेळी सेक्रेटरी पाहणीला आला. दार उघडंच होतं. सोफ्यावर एक काळा खोका विराजमान आणि त्याच्यासमोर घरातली लहानथोर माणसं चारी पायांवर, हे बघून तो उंबऱ्यातच थबकला. त्याच्या कुठल्याच रकान्यात हे नव्हतं.

"या," फिटर म्हणाला. "तुम्ही बाहेरचे. तुमचं मत पक्षपाताशिवाय होईल. उतरा खाली."

सरकारी कामासारखं सांगितलं की सेक्रेटरी ऐकतो. फाइल दातात धरून तो रांगू लागला. कोपऱ्यात पोचला, फाइल दातातून काढली आणि म्हणाला, "अहो, इथे तर..."

"काका, चहा टाकू?" सून म्हणाली. ती जमिनीवर होती, तिथून चहा कसा टाकणार होती देव जाणे. पण तिनं ज्या आवाजात विचारलं त्या आवाजात मी तिला कधी बोलताना ऐकलं नव्हतं. सेक्रेटरीनं तिच्याकडे पाहिलं, मुलाकडे पाहिलं, आणि फाइल परत दातात धरली.

आता मला राहवेना. चार जणांनी कोपरा नापास केला होता, मला हायसं वाटायला हवं होतं. पण दुसऱ्याच्या सांगण्यावर मी आजवर मीठसुद्धा घातलेलं नाही. "सरका," मी म्हटलं आणि गुडघे टेकले.

खाचेत आवाज फाटका होता. खिडकीपाशी होता म्हणावं तर होता. मग मी माझ्या कोपऱ्यात गेले. जिथे इतकी वर्षं बसले तिथे पहिल्यांदाच रांगत गेले, आणि कान भिंतीच्या भेगेपाशी नेला.

आवाज भरीव होता. गोल होता. कुठे घुमत नव्हता, कुठे तुटत नव्हता. आपलं माणूस न बोलता शेजारी येऊन बसावं तसा तो येऊन बसला. मला सुरातलं काही कळत नाही, पण यात कळण्यासारखं काही नव्हतंच. बहिऱ्यालाही कळलं असतं. आख्ख्या खोलीत एवढी चांगली जागा दुसरी नव्हती.

म्हणजे मुलगा खोटं बोलला होता. सून खोटं बोलली होती. आठ वर्षांची पोर खोटं बोलली होती. आणि हे, ज्यांना लग्न झाल्यापासून मला न कळता एक खोटं बोलता आलेलं नाही, तेसुद्धा कान लाल करून बोलले होते. त्यांनी तर या कोपऱ्यातली ती खाट उचलताना पाहिली होती. एक टोक त्यांनीच धरलं होतं.

मी रांगतच मागे वळले. समोर सहा तोंडं, जमिनीपासून हातभर उंचीवर, फिटरचं तेवढं वर. सगळी माझ्याकडे बघत होती. एवढे दिवस मी त्यांना भीत होते, आणि ती सगळी मला भीत होती. माझा राग त्यांना नवीन नाही, त्याला ती एवढी भीत नाहीत. माझ्या मनाला काही लागेल, याला भीत होती.

"इथे काय आहे," मी म्हटलं. "रिकामं पिंप बडवल्यासारखं येतंय."

सहा जणांनी एकदम श्वास सोडला. फिटरनं चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि खाचेपुढे खडूनं फुली मारली. सेक्रेटरीनं कायमच्या जागेत 'चपलांच्या कपाटाशेजारी' असं लिहिलं. तेवढ्यात माझा गुडघा अडकला. सेक्रेटरीनं एका बाजूनं आणि यांनी दुसऱ्या बाजूनं मला उचललं. मी उभी होते न होते तोवर सून धावत मागच्या खोलीत गेली होती आणि खुर्ची आणून कोपऱ्यात ठेवत होती, पायांच्या जुन्या खुणांवर अगदी बरोबर.

त्यानंतर तीन शनिवार झाले. सिनेमा लागला की चपला कवायत करत निघतात आणि नात त्या परत नेऊन ठेवते. मुलगा दर वेळी विचारतो, "आई, छान येतं ना?" मी म्हणते, "छान येतं." तो म्हणतो, "हो ना." असं आम्ही खोटं बोलत सिनेमा बघतो. छातीतली धडधड आता माझीच आहे. कुणाच्या तरी तोंडून एक दिवस खरं निघेल म्हणून ती आहे.

काल दुपारी घरात कुणी नव्हतं. मी खुर्ची हातभर पुढे ओढली आणि तिच्या पाठीमागची जागा वितीनं मोजली. अडीच वीत. खोका दोन वितींना बोटभर कमी. मागे श्वास घ्यायलाही जागा उरते. पुढे बसून बघितलं. दार दिसतं. शेगडी दिसते. फोनसाठी हात जरा लांब करावा लागतो. काचेतला फ्रिज दिसत नाही. न दिसला तर न दिसला.

मग मी मागच्या खोलीच्या दाराकडे बघितलं. तिथून कुणी काही विचारलं नाही.

संध्याकाळी मुलगा आला तसं त्याला सांगितलं, "ती खुर्ची हातभर पुढे घे आणि मागे तुझा खोका ठेव. चपला उचलून पोरीची कंबर मोडली. आणि सेक्रेटरीला सांग, फॉर्म नवा आण."

"पण आई, तिथे तर पिंप..."

"ते मी तात्पुरतं म्हणाले होते," मी म्हटलं. "उचल."